चालू मशीनला हात लावायचा नाही

१

सकाळी मी खुर्चीवर बसले, काकांच्या नावाने उघडलेलं काम बंद केलं आणि माझं नाव, पासवर्ड टाकला. काम बंद केलं की स्क्रीनवरचा शहराचा नकाशा जातो आणि नव्या माणसाच्या नावाने परत येतो. त्या सकाळी तो परत आला नाही. काळ्या स्क्रीनवर एक पांढरी ओळ उमटली : लायब्ररी सापडत नाही. पुन्हा नाव टाकलं, पुन्हा तीच ओळ.

आमचं रुग्णवाहिका नियंत्रण केंद्र म्हणजे एक लांब खोली, दोन खुर्च्या, भिंतीशी एक लोखंडी कपाट आणि त्या कपाटात ते मशीन. कोणाच्या छातीत दुखलं, कोणी जिन्यावरून पडलं, की फोन आमच्याकडे. कुठली गाडी कुठे मोकळी उभी आहे ते नकाशा दाखवतो आणि आम्ही ती पाठवतो. नकाशा नाही म्हणजे आम्ही आंधळे, आणि आजारी माणसं काही आमचे डोळे उघडायची वाट बघत नाहीत.

मी मार्कर उचलला आणि खिडकीच्या काचेवर शहर काढायला घेतलं. नदी, दोन पूल, मोठं हॉस्पिटल, छोटं हॉस्पिटल. वायरलेस अजून चालू होता, हे नशीब. "सगळ्या गाड्यांनी आपापली जागा सांगा," मी म्हटलं.

"ताई, झालं काय?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"नकाशा गेलाय. मी आहे."

काका रात्रपाळी संपवून डबा पिशवीत घालत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दुसरा फोन कानाला लावला. दोघांनी मिळून बघता बघता काच भरवली.

तेवढ्यात साहेब आले. केंद्राचे प्रमुख. 'मी या मशीनींबरोबर लहानाचा मोठा झालोय' हे त्यांचं आवडतं वाक्य. दारातूनच म्हणाले, "काय केलंत?"

काय झालं, असं नाही. काय केलंत.

"नावाने आत शिरत होते. शिरता आलं नाही."

"मशीन बंद करून चालू करा. सुरळीत होईल."

"नाही," मी म्हटलं.

साहेबांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. ते कपाटाकडे निघाले, मी त्यांच्या आधी पोचले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. "वायरलेससुद्धा याच मशीनवर चालतो, साहेब. तो चालू आहे कारण तो आधीपासून चालू आहे. एकदा बंद केला की परत उठणार नाही. मग गाड्यांना काय कबुतरं पाठवायची?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते ताडताड केबिनमध्ये गेले. परत आले तेव्हा बरेच शांत होते, आणि त्यांची शांतता मला त्यांच्या रागापेक्षा कमी आवडते.

"मी आत्ता केबिनमधून मशीनच्या आत शिरून बघितलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यादी काढली. बाकी सगळं जागच्या जागी आहे. मूळ लायब्ररीची फाइल तेवढी पुसली गेलीय. रात्रभर मशीन चाललं, म्हणजे रात्रभर ती फाइल होती. सकाळी खुर्चीवर एकच माणूस बसलं होतं."

काकांनी फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

२

त्या लायब्ररीचा पुस्तकांशी संबंध नाही. मशीनमध्ये शेकडो छोटे प्रोग्राम असतात. एक यादी दाखवतो, एक नक्कल करतो, एक पुसतो, एक माणसाला ओळखून आत घेतो. प्रत्येकाला बारीकसारीक कामं सारखीच लागतात : फाइल उघड, अक्षर छाप, वेळ विचार. प्रत्येकाने ती आपापली बाळगली तर मशीन फुगून बसेल. म्हणून सगळी सामायिक कामं एकाच फाइलीत ठेवतात आणि जो प्रोग्राम उठतो तो उठता उठता तिचा हात धरतो. तीच मूळ लायब्ररी. एकत्र कुटुंबातलं एकच स्वयंपाकघर म्हणा. त्याला कुलूप लागलं की सगळं घर उपाशी.

ती पुसल्याचा आळ माझ्यावर होता. दुपारच्या आत साहेबांनी एक कागद माझ्यापुढे धरला. माझ्या हलगर्जीपणामुळे मूळ फाइल नष्ट झाली, मला हे मान्य आहे, वगैरे.

"सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "नोकरी जाणार नाही. दप्तरात बदली होईल, एवढंच."

एवढंच! म्हणजे पुन्हा कधी या खुर्चीवर बसायचं नाही. गेली कित्येक वर्षं मी माणसांच्या घाबऱ्या श्वासातून पत्ता काढत आलेय. ते काम मला येतं, आणि मला ते मनापासून आवडतं. ते सोडून मी बिलांवर शिक्के मारत बसायचं, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी.

"करणार नाही."

"मुख्य कार्यालयातून तपासनीस येतायत. त्यांच्यासमोर हेच निघालं तर थेट निलंबन. विचार करा."

मी घरी फोन लावला. नवरा फिरतीवर होता, म्हणून फोन सासूबाईंनी घेतला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तू पुसलीस का?"

"नाही हो."

"मग पेनाला टोपण लाव. आणि जेवलीस का?"

"कपाटापुढून हलता येत नाहीये."

"मग उभ्याने जेव. पण हलू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. काकांनी न मागता एक खुर्ची कपाटापुढे आणून ठेवली.

३

तपासनीस बाई आल्या त्या नाक शिंकरतच. सर्दीने डोळे लाल, गळ्यात मफलर, हातात नुसता रुमाल. मला वाटलं, झालं, ही साहेबांशी चहा पिणार आणि कागदावर माझा अंगठा घेणार.

बाईंनी चहाला नाही म्हटलं. काच बघितली, काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे कोणी काढलं?"

"मी."

"उशीर किती गाड्यांना झाला?"

"थोडाथोडा सगळ्यांना. पोचल्या सगळ्या."

"हं. आता मला काही सांगू नका. सकाळी जे केलंत ते करून दाखवा."

मी खुर्चीवर बसून नाव टाकलं. तीच पांढरी ओळ. काकांनी त्यांचं नाव टाकलं. तीच ओळ. बाईंनी मान हलवली. "रोज असंच करता? आधीच्याचं काम बंद करून स्वतःच्या नावाने?"

इथे मी काकांकडे बघितलं आणि काका छताकडे. नियम तसा आहे. पण नकाशा जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात कोणाचा तरी फोन वाजतोच. म्हणून आम्ही उघडं काम तसंच पुढच्याच्या हवाली करत आलोय. काकांच्या नावाने मी बसते, माझ्या नावाने काका. महिनोन्महिने कोणी काम बंद करतच नाही.

"नाही," मी सरळ सांगितलं. "रोज नाही करत."

"मग आजच का?"

"साहेबांचा सकाळी घरी फोन आला. आजपासून ज्याने त्याने आपल्या नावाने बसायचं, अपवाद नाही. म्हणून केलं."

बाईंनी रुमाल घडी केला. "मुहूर्त बरा काढला साहेबांनी," एवढंच म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "रात्री मशीनवर कोण आलं होतं?"

"कोणी नाही. म्हणजे..." काका अडखळले. त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली, आणि निवृत्तीच्या कागदांवर सही साहेबांची. "संध्याकाळी मी चहाला गेलो होतो. आलो तेव्हा साहेब कपाट लावून घेत होते. पंख्याचा आवाज येतोय म्हणाले, म्हणून बघत होतो. बस, एवढंच."

"पंख्याचा आवाज येत होता?"

"माझे कान गेलेत हो बाई," काका म्हणाले.

काका पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकून ती कुठल्या ड्रायव्हरची ते सांगतात. काकांचे कान गेले असतील तर माझं नाक गेलं असावं.

४

त्याच वेळी 'अपडेट' आला. हा कंत्राटदार कंपनीचा इंजिनिअर. काहीही विचारलं की 'अपडेट करावं लागेल' म्हणतो, म्हणून त्याचं हे बारसं आम्ही केलेलं. दारातच त्याने हात पसरले. "ताई, माझा पेनड्राइव्ह कुठाय?"

"इथे आग लागलीय आणि तुला पेनड्राइव्ह सुचतोय?"

"कंपनीचा आहे. पगारातून कापतील. काल साहेबांना दिला होता, देतो देतो म्हणतात."

बाईंचे कान टवकारले. "काय होतं त्यात?"

"नवी लायब्ररी. मुख्य कार्यालयाचाच आदेश होता, जुनीत सुरक्षेचं भोक आहे, बदला म्हणून. मी म्हटलं रविवारी मशीन बाहेरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून, उठवून बदलू, चालू मशीनवर नको. साहेब म्हणाले ठेवून जा. शिवाय त्यात माझी हत्यारांची पेटी आहे."

"कसली पेटी?"

"म्हणजे एक प्रोग्राम. यादी, नक्कल, पुसणं, सगळं त्या एकातच. आणि तो लायब्ररीवर अवलंबून नाही. लागेल ते सगळं स्वतःच्याच पोटात घेऊन फिरतो. मशीन कोलमडलं की आम्ही तोच वापरतो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी उसळून म्हटलं, "म्हणजे हत्यारही तुझंच आणि लायब्ररीही तुझीच! काल तूच काहीतरी चाळे करून गेलास आणि आळ माझ्यावर!"

"मी? ताई, मी काल कपाटाला हातसुद्धा लावला नाही!" तो इतका घाबरला की एकही शब्द अपडेट न करता बोलला.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. "मी म्हणतच होतो, याचीही चौकशी करा," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस."

सकाळपासून एकदाही ते असं म्हणाले नव्हते.

बाईंनी अपडेटला बसवलं. "बदलायची कशी, ते सांग. साध्या भाषेत."

"प्रोग्राम लायब्ररीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत नाहीत," तो म्हणाला. "एक कायमचं नाव असतं, ते नुसता दुवा. तो दुवा खऱ्या फाइलीकडे बोट दाखवतो. म्हणून आधी नवी फाइल जुनीच्या शेजारी ठेवायची, मग दुवा एका झटक्यात नवीकडे वळवायचा. जुनी सगळ्यात शेवटी काढायची."

"आणि कोणी जुनी आधी काढली तर?"

अपडेट हसला. "असं कोण करेल?"

"जो आयुष्यभर कागदाच्या फायली बदलत आलाय तो," बाई म्हणाल्या. "जुनी काढली, मोकळ्या जागी नवी ठेवली. कपाटात तसंच करतात." मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, सकाळी तुम्ही आत शिरून बघितलंत म्हणे. मलाही दाखवा की."

५

केबिन लहान होती. आम्ही चौघं आत, आणि काका बाहेर दोन्ही फोन सांभाळत, पण दार उघडं ठेवून. टेबलावर साहेबांचा कंप्युटर. त्याच्या स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडी होती, तिच्यात हुकमाची वाट बघणारं चिन्ह लुकलुकत होतं. ती खिडकी थेट कपाटातल्या मशीनची होती.

"यादी कुठल्या हुकमाने काढलीत?" बाईंनी विचारलं. "या खिडकीत हुकूम घेणारा जो प्रोग्राम असतो, शेल, त्याच्या स्वतःच्या अंगात काही थोड्या युक्त्या असतात, त्यांतली एखादी वापरलीत का?"

"छे," साहेब म्हणाले. "नेहमीचा यादीचा हुकूम. लहानपणापासून पाठ आहे."

"मग द्या."

साहेबांनी दोन अक्षरं टाइप केली आणि एंटर मारलं. स्क्रीनवर पांढरी ओळ आली : लायब्ररी सापडत नाही.

साहेबांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तीच ओळ. कपाळावर घाम आलेला मला दिसला, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

"सकाळी यादी आली होती ना?" बाईंनी विचारलं.

"होय. म्हणजे आता बहुतेक आणखी बिघडलंय."

"यादी दाखवणारा प्रोग्रामही त्याच लायब्ररीवर उभा आहे, साहेब. ती गेल्याचं दाखवणारी यादी काढायला तीच लागते."

साहेबांचा हात माउसकडे गेला. "ही खिडकी अडकलीय. बंद करतो, नव्याने उघडून दाखवतो."

मी काय केलं ते मलाही नीट आठवत नाही. मी टेबलावरून पुढे झेपावले आणि माउस हिसकावून घेतला. चहाचा कप आडवा झाला. "हात लावायचा नाही!" मी ओरडले. "ही एकच वाट उरलीय आत जायची. ही बंद झाली की वायरलेस कधी ना कधी बसेल आणि आख्खं शहर बहिरं होईल. मी नाही बंद करू देणार!"

"तुम्ही कोणाशी बोलताय?" साहेब गरजले.

"खोटं बोलणाऱ्या माणसाशी!"

बोलून गेले. बाहेर काकांनी फोनवर कोणाला तरी 'एक मिनिट' म्हटलेलं ऐकू आलं. माझ्या हातात माउस होता आणि नोकरी बहुतेक हातातून गेली होती.

बाईंनी शांतपणे नाक पुसलं. "त्या बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "बसा साहेब."

६

"लायब्ररी रात्रभर होती असं तुम्ही म्हणालात, कारण मशीन रात्रभर चाललं," बाई सांगायला लागल्या. "तिथेच सगळे फसले. प्रोग्राम उठताना लायब्ररीचा हात धरतो, आणि धरला की सोडत नाही. नंतर फाइल पुसली तरी ज्यांनी हात धरलाय त्यांच्यापुरती ती जिवंतच असते. नकाशा चालू होता, वायरलेस चालू होता, कारण ते पुसण्याआधी उठलेले. फक्त नवीन कोणी उठू शकत नव्हतं. म्हणजे खून झाला संध्याकाळी आणि प्रेत सापडलं सकाळी. काकांचं काम बंद झालं आणि नवं नाव टाकलं, तेव्हाच पहिल्यांदा कोणालातरी नव्याने उठावं लागलं. ते नाव यांचं असावं अशी व्यवस्था कोणी केली? घरी फोन करून?"

साहेब रुमालाने टेबलावरचा चहा टिपायला लागले.

"आता ही खिडकी. माणसाला ओळखून आत घेणारा प्रोग्रामही लायब्ररीशिवाय उठत नाही. या आत जाऊ शकल्या नाहीत. काका जाऊ शकले नाहीत, मी बघितलं. सकाळनंतर आत शिरणं कोणालाच शक्य नव्हतं. तरी तुमची खिडकी आत आहे. मग तुम्ही सकाळी शिरलाच नाहीत. तुम्ही आधीपासून आत होतात, लायब्ररी जिवंत असल्यापासून. आणि ही खिडकी काल रात्रभर उघडी ठेवलीत, कारण बंद केली तर परत येता येणार नाही हे तुम्हाला कालच कळलं होतं. कसं कळलं?"

"या अपडेटने..." साहेबांनी सुरुवात केली.

"तो बाहेरून मशीन उठवून बदलणार होता. त्याला ही चूक होणं शक्य नाही, तो रोज तेच करतो. ही चूक करायला थोडंसं येणारा माणूस लागतो." बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "शेलला आपण दिलेले हुकूम आठवतात, आणि ते सांगायला त्याला लायब्ररी नव्याने लागत नाही. वरचा बाण दाबू का, की तुम्हीच सांगता?"

बाईंनी बोट बाणावर ठेवलं. मग साहेबांच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. चहाची वेळ साधून त्यांनी पेनड्राइव्ह मशीनला लावला. केबिनमध्ये येऊन जुनी फाइल पुसली. नवीची नक्कल करायला गेले आणि नक्कल करणारा प्रोग्राम म्हणाला, लायब्ररी सापडत नाही. नवी फाइल समोर दिसत होती, पण ती उचलून ठेवायला हात उरला नव्हता.

"मुख्य कार्यालयाला कळवणार होतो, मी स्वतः बदलली म्हणून," ते म्हणाले.

"आणि ती बदलली नाही, म्हणून मी पुसली असं कळवलंत," मी म्हटलं. "रात्रभर काका त्या मशीनवर माणसं वाचवत होते! वीज गेली असती, कोणी चुकून बटण दाबलं असतं, तर? नुसतं सांगायचं होतं!"

माझा आवाज चिरकला. चिरकू दे.

तेवढ्यात अपडेट हळूच म्हणाला, "म्हणजे माझा पेनड्राइव्ह अजून मशीनलाच आहे?"

"कपाटापुढून या हलल्याच नाहीत," बाई म्हणाल्या, आणि सर्दीतही हसल्या. "तो काढायला कोणाला मिळालंच नाही."

मग काम सोपं होतं. साहेबांच्या खिडकीतून मी अपडेटच्या हत्यारांच्या पेटीला हाक मारली. ती लायब्ररीशिवाय उठली. तिच्याकरवी यादी काढली : कायमच्या नावाचा दुवा जागेवर होता, आणि ज्या फाइलीकडे तो बोट दाखवत होता ती जागा रिकामी. वायरलेसने मात्र पुसलेल्या लायब्ररीचा हात अजून धरलेला. नवी रविवारीच घालायची ठरली, म्हणून तिथूनच जुनीची नक्कल काढली आणि रिकाम्या जागी ठेवली. बाहेर काका वायरलेसवर पुलापलीकडच्या गाडीशी बोलतच होते, त्यांना पत्ताही लागला नाही.

मी खुर्चीवर येऊन माझं नाव टाकलं. नकाशा आला. एकेक गाडी आपल्या जागी उमटली, आणि काकांनी डोळे पुसून घेतले ते चष्म्याच्या निमित्ताने.

७

मला वाटलं होतं, संपलं. साहेबांनी बाईंना आणि मला परत केबिनमध्ये नेलं, दार अर्धवट लोटलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, मशीन चालू झालंय. कोणाचा जीव गेला नाही. तांत्रिक बिघाड, असं लिहिता येईल. यांचंही नाव निघून जाईल."

"आणि नाही लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर सगळंच लिहावं लागेल ना? महिनोन्महिने दुसऱ्याच्या नावाने बसता, तेही. तुम्ही आणि काका. काकांचे कागद माझ्या टेबलावर आहेत."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला तेही लिहावं लागेल. तुमच्या नावापुढे शेरा येईल. बढतीचं विसरा. बिघाड म्हणून लिहिलं तर कोणालाच काही नाही. तुमच्यावरचा आळ तसाही गेलाय. सांगा, काय लिहू?"

क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. मग सकाळचं ते 'काय केलंत' आठवलं. मशीन बिघडलं नव्हतं. त्याने तर पोटात लायब्ररी धरून ठेवली होती. मशीनच्या नावावर हे खपवायचं म्हणजे उद्या आणखी कोणाच्या नावावर खपवायला मोकळे.

"नाव लिहा," मी म्हटलं. "त्यांचं लिहा, माझंही लिहा. पण काकांचं..."

"माझंही लिहा," काका फोनवर हात ठेवून दारातून म्हणाले. "स्पेलिंग विचारून घ्या, तिथे नेहमी चुकतात."

बाईंनी तो हलगर्जीपणाचा कागद मागून घेतला, आडवा फाडला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. साहेब काही वेळ उभे राहिले. मग सामान गोळा करून निघाले. मी खुर्चीवर परतले होते; माझ्यापाशी आल्यावर थांबले. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हातारा वाटला.

"एक विचारू?" ते हळू आवाजात म्हणाले. "काल मी तुमच्याकडे आलो असतो, मला येत नाही, जरा बदलून द्या असं म्हटलं असतं, तर दिलं असतंत?"

खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं. "आधी हसले असते," मी म्हटलं. "मग दिलं असतं बदलून."

ते तसेच उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हललेही.

"सरा जरा," मी म्हटलं. "फोन वाजतोय."